परसातली कचेरी

मागच्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता बायकोने एक प्रश्न विचारला आणि माझा अख्खा वीकेंड त्यात गेला. मी तिला मोठ्या उत्साहाने सांगत होतो की चार्ल्स डिकन्सने सुद्धा माझ्यासारखंच घरापासून लांब, झाडांमधे वेगळं ऑफिस थाटलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्याला चहा कोण नेऊन द्यायचं?"

मी कप उचलला आणि गुपचूप परसात आलो. म्हणजे ऑफिसात.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. चिंचवडला आमचं बैठं घर आहे, बाबांनी १९९१ साली कर्ज काढून बांधलेलं. पुढे तुळस आणि गाडी लावायची जागा, मागे पंधरा फुटांचं परस. परसात एक शेवगा, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि पाण्याची टाकी. मार्च २०२० मधे लॉकडाऊन लागला तेव्हा मी बेडरूममधे टेबल टाकलं. बायको शाळेत गणित शिकवते, तिचे वर्ग जेवायच्या टेबलावर सुरू झाले. ती एका भिंतीपलीकडून "उणे गुणिले उणे किती?" विचारायची आणि माझ्या मीटिंगमधला अमेरिकेतला क्लायंट दचकायचा. सहा महिने असेच काढले. मग मी ठरवलं, परसात खोली बांधायची.

जानेवारी २०२१ मधे आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरने तीन आठवड्यांत ती उभी केली. ८ बाय १० फूट. लोखंडी चौकट, सिमेंट बोर्डाच्या भिंती, वर पत्रा. घरातून पाइपातून ओढलेली लॅन केबल, वेगळं अर्थिंग, इन्व्हर्टरचा एक पॉइंट. सगळा मिळून १,८०,००० रुपये खर्च आला. जूनपर्यंत मी राजा होतो. मग पहिला पाऊस आला. पत्र्यावर पाऊस म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. क्लायंटने मीटिंग थांबवून विचारलं की टाळ्या कोण वाजवतंय :-) दुसऱ्याच दिवशी थर्माकोलचं फॉल्स सीलिंग करून घेतलं.

पुढे ऑफिसं उघडली, आता आठवड्यातले तीन दिवस मी हिंजवडीला जातो. पण खोली राहिली. आणि एखादी गोष्ट आपण केली की तिचे पूर्वज शोधायची खोड मला आहे. म्हणजे आपण एकटेच वेडे नाही असं वाटतं!

पूर्वज भरपूर निघाले. डिकन्सपासूनच सुरू करू. केंट परगण्यात गॅड्स हिल नावाच्या ठिकाणी त्याचं घर होतं. १८६४ च्या नाताळात शार्ल फेश्तर ह्या फ्रेंच नटाने त्याला एक विलक्षण भेट पाठवली: लाकडाचं अख्खं दुमजली स्विस घर, सुट्या भागांत. ५८ खोकी आणि ९४ भाग! (फर्निचर घरी आणून स्वतः जोडणाऱ्यांना ह्यातली वेदना कळेल.) डिकन्सने ते घराशेजारी न उभारता रस्त्यापलीकडच्या आपल्याच झाडीत उभारलं. रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून त्याने आधीच एक बोगदा खणून घेतला होता. वरच्या खोलीत त्याने पाच आरसे लावले. झाडांची पानं, डोलणारी शेतं, आकाश, सगळं आरशांत. ८ जून १८७० ला त्याने इथेच बसून आपल्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीची पानं लिहिली. त्या संध्याकाळी जेवताना त्याला झटका आला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. ते लाकडी घर पुढे रॉचेस्टरला हलवण्यात आलं.

अटलांटिकच्या पलीकडे मार्क ट्वेन. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा गावाजवळ त्याच्या सासरच्यांचं क्वॉरी फार्म नावाचं शेतघर होतं. उन्हाळ्यात सगळं कुटुंब तिथे जायचं. १८७४ साली तिथे टेकडीवर, मुख्य घरापासून साधारण शंभर यार्डांवर, त्याच्यासाठी एक अष्टकोनी खोली बांधण्यात आली, खिडक्याच खिडक्या असलेली. गरम दिवसांत तो त्या सगळ्या उघडायचा आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर विटांचे तुकडे ठेवायचा. टॉम सॉयर आणि हकलबरी फिन ह्यांचा बराच भाग इथे लिहिला गेला. त्याला बोलवायचं असेल तर घरातून शिंग फुंकत. आजच्या भाषेत, नोटिफिकेशन फक्त इमर्जन्सीला.

आणि ह्या सगळ्यांचा बाप म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ. १९०६ पासून १९५० मधे जाईपर्यंत तो एयट सेंट लॉरेन्स ह्या छोट्या गावात राहिला. बागेच्या टोकाला त्याची ८ फूट बाय ८ फुटांची लाकडी झोपडी होती. आत टेबल, टाइपरायटर, पडायला छोटा पलंग, विजेचा हीटर, टेलिफोन. पण खरी गंमत खाली होती. ही झोपडी फिरायची! तळाशी एक फिरती यंत्रणा होती, झोपडीला खांद्याने रेटलं की ती सूर्याकडे तोंड करायची. त्या काळात क्षयाच्या रुग्णांना भरपूर ऊन आणि हवा मिळावी म्हणून अशा फिरत्या झोपड्या वापरत, आणि श्रीमंतांच्या बागांतही त्या असत. शॉने आपल्या झोपडीला नाव दिलं होतं 'लंडन'. नको असलेला पाहुणा आला की घरातली माणसं खरं तेच सांगायची: साहेब लंडनमधे आहेत. मी माझ्या खोलीचं नाव 'बंगलोर' ठेवायचा विचार केला होता, घरात पास झाला नाही.

रोआल्ड डालला लहान मुलांच्या पुस्तकांमुळे तुम्ही ओळखत असाल. त्याने १९५० च्या दशकात बागेत एका विटेच्या भिंतींची खोली बांधून घेतली. वेल्समधे समुद्राकाठी डिलन टॉमस एका जुन्या गॅरेजात बसून कविता लिहायचा, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. डालच्या खोलीत थंडी रोखायला आतून थर्माकोलचे तक्ते लावलेले होते. (हे वाचलं तेव्हा मी माझ्या फॉल्स सीलिंगकडे अभिमानाने पाहिलं.) जुनी आरामखुर्ची, तिच्या हातांवर आडवी फळी, पाय थंडीत स्लीपिंग बॅगेत. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. मुलांना आत यायची बंदी. मुलांसाठी लिहिण्याकरता मुलांपासून लांब जायचं, हे कोणत्याही पालकाला लगेच पटावं.

इथपर्यंत वाचून मी फार खूष होतो. मग बायकोचा प्रश्न आठवला आणि मी सगळं परत चहाच्या बाजूने वाचायला घेतलं.

डिकन्स १८५८ मधे बायकोपासून वेगळा झाला होता. त्यानंतर गॅड्स हिलचं घर चालवत होती जॉर्जिना हॉगर्थ, म्हणजे त्याची मेहुणी. त्या शेवटच्या संध्याकाळी जेवायच्या टेबलावर त्याच्यासमोर तीच होती. आणि ट्वेनची अष्टकोनी खोली? ती त्याने बांधलीच नव्हती. बांधून घेतली होती सुझन क्रेनने. तीही मेहुणीच! क्वॉरी फार्म तिचं, घर चालवणारी ती, शिंग फुंकणारं घरही तिचंच. शॉच्या 'लंडन'चा विनोद घडायला तरी दारावर खोटं न बोलता पाहुण्याला परतवणारं कोणीतरी लागायचंच. एकांत हे बऱ्यापैकी मनुष्यबळ लागणारं काम आहे, हे मला शनिवारी दुपारपर्यंत कळून चुकलं.

हे सर्वात स्पष्ट ज्या बाईने सांगितलं तिचीही बागेत खोली होती. व्हर्जिनिया वुल्फने १९२८ च्या ऑक्टोबरमधे केंब्रिजच्या दोन महिला कॉलेजांत भाषणं दिली आणि १९२९ साली त्यांचं पुस्तक झालं, 'अ रूम ऑफ वन्स ओन'. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला ५०० पौंडांचं उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी, हा त्याचा गाभा. त्यात जेन ऑस्टिनचा दाखला आहे. ऑस्टिन चॉटनच्या घरात सगळ्यांच्या बसायच्या खोलीत, खिडकीजवळच्या एका छोट्या टेबलावर लिहायची. त्या खोलीचं दार कुरकुरायचं. ते दुरुस्त करायचं नाही असं तिने सांगून ठेवलं होतं, असं तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय. दार वाजलं की कोणी येतंय हे कळायचं आणि कागद झाकता यायचे. ट्वेनला शिंग आणि ऑस्टिनला कुरकुरणारं दार. दोन्ही अलार्मच, पण एकात घर तुम्हाला सांभाळतंय आणि दुसऱ्यात तुम्ही घराला.

वुल्फची स्वतःची खोली ससेक्समधल्या रॉडमेल गावात होती. तिने आणि लेनर्डने तिथलं घर १९१९ मधे ७०० पौंडांना घेतलं. आधी ती बागेतल्या अवजारांच्या खोलीत लिहायची. वर सफरचंदं साठवायचा माळा होता, लेनर्ड तिथे सफरचंदं निवडायला लागला की हिच्या डोक्यावर धडधड. १९३४ मधे बागेच्या टोकाला वेगळी खोली झाली. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी त्यांची स्वयंपाकीण नेली बॉक्सॉल हिला कामावरून काढलं. अठरा वर्षं ती त्यांच्याकडे होती. दोघींची सतत भांडणं व्हायची, आणि त्यातलं एक भांडण बाईसाहेबांनी नेलीच्या खोलीत येण्यावरून होतं. नेलीलाही स्वतःची खोली हवी होती! मी हे वुल्फला नावं ठेवायला लिहीत नाहीये. खोली हवी म्हणणं बरोबरच होतं. फक्त खोलीची रांग तिच्यापाशी संपत नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या वाड्यांत कचेरी कुठे असायची? पुढे. रस्त्यावरून आत आलं की पडवी किंवा ओसरी, मग सोपा, आणि तिथे बैठक. उतरत्या झाकणाचं डेस्क, दौत, मोडी कागदांचे कापडात बांधलेले रुमाल. कुळकर्ण्याचं दप्तर काय, सावकाराचा हिशेब काय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर चालायचा, कारण काम म्हणजेच माणसांना भेटणं. त्याच्या मागे माजघर, स्वयंपाकघर आणि सर्वात शेवटी परस. परसात विहीर, धुणं, भांडी, कांडण, वाळवण. ती पण कामंच, पण त्यांचं दप्तर नव्हतं. टिळकांना शांतपणे लिहायचं असे तेव्हा ते सिंहगडावरच्या बंगल्यात जाऊन राहत. घरातल्या परसात नव्हे. परस रिकामं कुठे होतं?

म्हणजे आमच्यासारख्यांनी काय केलं, तर ओसरीवरची कचेरी उचलून परसात नेली. काम आता माणसांना भेटण्याचं राहिलं नाही, माणसं चुकवण्याचं झालं.

बरं, घरून काम हा काही आमच्या आयटीवाल्यांचा शोध नाही. जॅक नाइल्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९७३ साली 'टेलिकम्युटिंग' हा शब्द काढला, तेलाचं संकट आलं ते वर्ष. त्याच्याही आधी, कारखाने यायच्या पूर्वी, इंग्लंडच्या यॉर्कशरमधले विणकर घरातच माग ठेवत. त्यांची घरं आजही ओळखू येतात, कारण वरच्या मजल्यावर खिडक्यांची सलग रांग असते. विणायला उजेड लागतो म्हणून. आपल्याकडे येवल्यात पैठणीचे माग घरांतच असतात. सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायका पान आणि तंबाखू घरी नेतात आणि वळलेल्या बिड्या मोजून देतात. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात अशा घरी काम करणाऱ्यांचाही विचार होता. १९९६ मधे जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला, क्रमांक १७७. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ह्या सगळ्या बायका कित्येक पिढ्या 'वर्क फ्रॉम होम' करताहेत. त्यांना कोणी खुर्चीसाठी भत्ता दिला नाही.

आणि हे वाचताना मला जे पाच वर्षं दिसलं नव्हतं ते दिसलं. खरं सांगायचं तर हा लेख त्याच्यासाठीच लिहितोय, डिकन्स वगैरे पाल्हाळ आहे.

माझी आई शिवणकाम करते. १९९१ च्या कर्जाचे हप्ते बाबांच्या पगारातून जायचे आणि माझी फी आईच्या ब्लाउजांतून. तिचं मशीन कायम मागच्या दाराशी असतं. दारातून परसाचा उजेड येतो आणि बोळातून येणाऱ्या बायका "काकू, झालं का?" म्हणून दारातच कपडे घेऊन जातात. लहानपणी धुण्याच्या दगडाकडे जायचं तर तिच्या मशीनला वळसा घालून जावं लागायचं. आम्ही तिला दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचो. तिने कधी दार लावून घेतलं नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता मी पाणी प्यायला घरात गेलो. बाहेर लख्ख ऊन. आणि आई मशीनवर ट्यूबलाइट लावून बसली होती. चष्म्यावर आणखी एक भिंग धरून उसवत होती. काळ्या कापडावर काळी शिवण चुकली होती.

"दिवसा ट्यूब का लावलीस?"

"अंधार पडतो रे दुपारी."

"कधीपासून?"

ती काही बोलली नाही, पण तिने दाराबाहेर पाहिलं. दाराबाहेर सहा फुटांवर माझ्या ऑफिसची राखाडी भिंत. पश्चिमेकडून येणारा दुपारचा सगळा उजेड माझ्या १,८०,००० रुपयांनी अडवला होता. जानेवारी २०२१ पासून.

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुझं ऑफिस आहे ना ते," ती म्हणाली. जणू मागच्या दाराशी तिचं जे चाललं होतं ते ऑफिस नव्हतं. आणि वाईट हे की मलाही तसं कधी वाटलं नव्हतं. खोली बांधताना मी लॅन केबलची लांबी मोजली, नेटचा स्पीड मोजला, शेवग्याच्या मुळांचासुद्धा विचार केला. सूर्य मोजला नाही. शॉच्या झोपडीचं मी इतकं कौतुक केलं, पण माझी झोपडी काही फिरत नाही.

मी म्हटलं, मशीन माझ्या खोलीत हलवू, तिथे पंखा आहे, एसीसुद्धा लावू. आई चक्क हसली. म्हणाली, तिथून दार दिसत नाही. बायका येतात, दूधवाला येतो, बाबा औषध घेतात की नाही ते बघायचं असतं. मला जो एकांत लाखात पडला तो तिला फुकटात नको होता. तिला उजेड हवा होता, बस.

उपाय शेवटी तिनेच सुचवला. "त्या भिंतीला चुना काढ पांढरा. आमच्या गावी बोळातल्या भिंतींना काढायचे, घरात उजेड यायचा." रविवारी सकाळी मी आणि बायकोने मिळून दाराकडची अख्खी भिंत पांढरी केली. सिमेंट बोर्डावर चुना टिकणार नाही म्हणून बाहेरचा पांढरा रंग आणला, दोन हात. भिंतीला टेकवून ठेवलेलं सगळं भंगार काढलं, शेवग्याची एक फांदी छाटली. दुपारी तीन वाजता आईने ट्यूब बंद करून बघितली, सुई ओवून बघितली, पहिल्या फटक्यात ओवली गेली. "आता जमेल," म्हणाली. पूर्वीइतका उजेड नाहीच, हे तिलाही कळतं आणि मलाही.

रंगाचा ब्रश धुताना मला डिकन्सचे पाच आरसे आठवले. त्याने बाहेरचा उजेड आत, स्वतःसाठी आणला होता. आमची भिंत निदान उलट्या दिशेला तोंड करून उभी आहे.

खोलीचं वेळापत्रकही बदललंय. माझी टीम अमेरिकेत, मला तसंही दुपारनंतरच काम असतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ ते एक खोली बायकोची. पेपर तपासायला तिला शांतता लागते हे तिने मला २०२० पासून तीनदा सांगितलं होतं म्हणे. मला एकदाही आठवत नाही, ह्यावर तिचं म्हणणं असं की तेच तर.

असो. आज परत शनिवार. हे मी जेवायच्या टेबलावर बसून लिहितोय, कारण खोलीत मॅडम आहेत. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे, आणि ह्या लेखाच्या मधे मी दोनदा दूधवाल्याला आणि एकदा "काकू आहेत का?"ला उत्तर दिलंय. तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करतो आणि परसात चहा नेऊन देतो.